कोपराची तब्येत

यासीनचाचांनी आयुष्यात कुणाला "कसा आहेस" असं विचारलं नाही. ते विचारत, "कोपर कसं हाय?"

पुरुषमाणूस असला तर विचारण्याच्या भानगडीतही पडत नसत. समोरच्याचा हात सरळ धरायचे, बाही वर सारायचे आणि कोपरावरून अंगठा फिरवून निकाल सांगायचे. "सुकून राह्यला बाप्पा तू. सारं तेल पोटात चाललं, कातड्याले काई भेटून नाई राह्यलं." मग तो माणूस वाटेवरचा गाडीवान असो की कचेरीतला मोठा बाबू. बायकांचा हात धरायची अर्थातच सोय नव्हती. तिथं ते मान दुसरीकडे वळवून, लांबूनच, मोठ्या अदबीनं चौकशी करायचे.

मी अनसिंगहून लग्न होऊन वाशीमला आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. परसात पाणी भरत होते, आणि भिंतीपलीकडून जाडा आवाज आला, "नवी सून आली म्हन्ते. कोपर कसं हाय पोरी?" माझ्या हातून घागरच सुटली. वाटलं, शेजारी वेडा राहतो आणि आमच्या बाबांनी चौकशी न करता मुलगी देऊन टाकली. घरात पळाले, तर सासूबाई पदराला तोंड पुसत हसताहेत. म्हणाल्या, "अवं, थे आपले यासीनचाचा, साबनवाले. बरं हाय म्हनून सांग, नाईतर दिवसभर इचारतीन."

मी दारातूनच "बरं हाय" म्हणून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "आता हळद हाय म्हनून बरं हाय. उतरल्यावर सांगजो."

आणि खरंच, हळद उतरल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.

बालाजीच्या देवळामागच्या गल्लीत आमची दोन घरं लागून. मधली भिंत खांद्याइतकी. तिच्यावरून वाट्या जायच्या, चाळणी जायची आणि दोन्ही घरांतल्या गोष्टीही जायच्या. चाचा उंच, हडकुळे, पांढऱ्या टोपीचे. साठीला आले होते, पण तोंडावर सुरकुती शोधावी लागे. दाढी मात्र पांढरीशुभ्र, आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. पलीकडच्या अंगणात त्यांची मोठी कढई मांडलेली असायची. लोणारच्या तळ्याचा खार बैलगाडीनं यायचा. तो चुन्याबरोबर पाण्यात भिजवायचा, वरचं निवळलेलं पाणी तेलात शिजवायचं आणि घट्ट होईस्तोवर लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. खाजेला करंजाचं तेल, भेगांना मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, गळवांना निंबोळीचं, आणि तान्ह्या लेकरांना तिळाचं तेल अन् हळद. ज्याचं जसं कातडं तसा त्याचा साबण.

साबण खोक्यात ओतला, तारेनं कापला की झालं, असं मला वाटायचं. चाचांच्या मते तिथून पुढं साबणाचं बाळंतपण सुरू व्हायचं. वड्या अंधाऱ्या खोलीत फळ्यांवर मांडायच्या, दाराला कडुलिंबाची डहाळी खोचायची, आणि सवा महिना त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. गिऱ्हाईक घाई करू लागलं की चाचा सांगत, "ओली बाळंतीन हाय. बाहेर कशी काढू?" सवा महिन्यानं एकेका वडीला ते जिभेचं टोक लावून पाहत. जीभ चुरचुरली तर वडी कच्ची, परत खोलीत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सासूबाईंना म्हटलं, "अहो, हा माणूस साबण चाटतो." त्या म्हणाल्या, "आपन भाजीचं मीठ पाहातो, थो साबनाचं पाहाते. तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं?"

चाचांचा एकच मंत्र होता, "साबनानं मळ काढावा, साल नाई." हे वाक्य ते इतक्या ठासून म्हणत, की पुढं बोलायला जागाच राहत नसे. आणि खोटं कशाला बोलू, त्यांचा साबण होताच तसा. कापूस वेचून आलेल्या बायांची बोटं बोंडांच्या काट्यांनी ओरबाडलेली असत. मोहाच्या वडीनं हात धुतले की आग कमी व्हायची, आणि चार-आठ दिवसांत हात भाकरी थापायजोगे व्हायचे. माझ्या टाचांत अनसिंगच्या काळ्या मातीच्या भेगा होत्या, त्या पहिल्याच हिवाळ्यात भरून आल्या. आमच्या थोरल्याच्या अंगावर घामोळ्या उठल्या तेव्हा चाचांनी हळदीची वडी भिंतीवर ठेवली आणि वर सूचना दिली, "घासजो नको. लेकरू हाय, भांडं नोहे."

मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून बंजारा बाया यायच्या. त्यांच्या दंडापासून मनगटापर्यंत बांगड्याच बांगड्या, आणि उन्हाळ्यात त्यांच्याखाली कातडं सोलून निघायचं. चाचा त्यांना निंबोळीची वडी द्यायचे, बदल्यात त्या मोहाच्या टोळ्या आणून टाकायच्या. पण या गिऱ्हाइकांवर चाचा मनातून नाराज असत. म्हणायचे, "लय चांगल्या बाया, पन याइच्या कोपराचा पत्ताच लागत नाई."

कोपर बघून माणूस ओळखतो, असा त्यांचा दावा होता, आणि एकदा तो आमच्याच घरी खरा ठरला. माझ्या नणंदेला पाहायला मेडशीकडचं स्थळ आलं. मुलगा गोरागोमटा, घरी शेत, बैलजोड्या. शेजारचे वडीलधारे म्हणून चाचा बैठकीला. चहा यायच्या आत त्यांनी मुलाचे दोन्ही हात ताब्यात घेतले. मुलाला वाटलं, हे हात बघून भविष्य सांगणारे असतील, त्यानं खुशाल पुढं केले. चाचांनी दोन्ही कोपरं चाचपली आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "डाव्या कोपराले घट्टा हाय, उजवं लोन्यावानी. हा पोरगा डाव्या आंगावर पडून उजव्या हातानं पत्ते खेळते." मुलाचा बाप लालबुंद झाला, पाहुणे पोहे टाकून उठले. सासरे चाचांवर आठ दिवस रुसून होते. मग मेडशीहून कुणीतरी बातमी आणली की पोरानं बापाची एक बैलजोडी पत्त्यांत घालवली आहे. त्यानंतर गल्लीतलं एकही लग्न चाचांनी कोपर पाहिल्याशिवाय ठरलं नाही.

अशा या माणसाची बायको म्हणजे हलिमाचाची. बुटकी, गोल चेहऱ्याची, बोलायला कमी. सगळ्या गावाचं कोपर विचारणारे चाचा तिला मात्र कधीच विचारत नसत. मला याचं नवल वाटायचं. एकदा सासूबाईंना बोलले तर त्यांनी सांगितलं, "तिचं थो कोन्या तोंडानं इचारीन? हात पाह्यले का तिचे?" मग पाहिले. लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत गडी ठेवायची ऐपत नव्हती, तेव्हा खाराच्या पाण्यात हात घालणारी तीच होती. तो खार मनगटापासून कोपरापर्यंत जागोजागी तिचं कातडं खाऊन गेला होता. दुसऱ्यांचे हात लोण्यासारखे करणाऱ्या माणसाच्या घरात हे असे हात होते, आणि त्याविषयी दोघं एक शब्द बोलत नसत. लेकरूबाळ झालं नाही. चाचीनं कधी काही मागितलंही नाही, ना लुगडं, ना बांगडी.

पुढची गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडी आधीची. बाजारातल्या शेटच्या दुकानात कंपनीचा साबण आला. हिरव्या चकचकीत कागदात गुंडाळलेली गुलाबी वडी, कागदावर पोपट आणि वडीवरही पोपट उठवलेला. गुलाबाचा वास असा, की दुकानावरून गेलं तरी नाकात बसायचा. लोक त्याला पोपटाचा साबणच म्हणायचे. आमच्याही घरी एक वडी आली, पाहुण्यांसाठी म्हणून फडताळात ठेवलेली.

चाचांनी पोपटाविरुद्ध लढाईच पुकारली. आठवडी बाजारात आपल्या वड्या मांडून ते मोठ्यानं सांगायचे, "वास कायले पायजे रे बाप्पा? ज्याले काई लपवाचं हाय त्यानं वास लावावा. वासाचा साबन म्हनजे पावडर लावलेली म्हैस. आन् हा धुतला का कातडं कसं होते पाहा, ढोलावानी तान पडते." लोक हसायचे आणि चाचांच्या वड्या घेऊन जायचे. एका बाजारी तर त्यांनी भर रस्त्यात छाती ठोकून सांगितलं, "या यासीनच्या हातून कधी वासाचा साबन झाला, नाईतर त्याच्या घरात पोपट दिसला, तर ही दाढी कापजा." चाचा दाढी पणाला लावतात म्हणजे हा माणूस खराच आहे, असं सगळ्यांना वाटलं.

आणि त्याच सालच्या रमजान ईदला अकोल्याहून चाचीची भावजय आली. येताना पोपटाची वडी घेऊन आली. दुपारी दोघी अंगणात बसल्या होत्या, मी अलीकडे पापड वाळत घालत होते. भावजय नाक मुरडून म्हणाली, "साबनवाल्याची बायको तू, आन् आंगाले खोगिरावानी वास. करंजाचा हाय का काय? आमच्या अकोल्यात मोलकरीन बी नाई लावत असा." चाचीची मान खाली गेली ती मला भिंतीवरून दिसली.

भावजय गेली. दोन दिवसांनी चाचीनं चाचांना जेवायला वाढता वाढता म्हटलं, "मले पोपटाचा साबन पायजे."

मी अलीकडे भांडी घासत होते, ती घासायचीच थांबले. मला वाटलं आता कढई उलटते. पलीकडे पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चाचा म्हणाले, "आनतो."

बस, एवढंच. ज्या माणसानं पोपटासाठी दाढी पणाला लावली, तो दुसऱ्या दिवशी शेटच्या दुकानात गेला, वडी घेतली, टोपीखाली घातली आणि घरी आला. बायकोनं सगळ्या संसारात मागितलेली ती पहिली वस्तू होती. नाही म्हणायची चाचांची छाती झाली नाही.

शेट कशाला गप्प बसतो? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की यासीनमियां स्वतःच पोपट लावतो. आमचे हे बिचारे भांडून आले बाजारात. घरी येऊन चाचांना म्हणाले, "चाचा, चाचीसाठी नेला म्हनून सांगून मोकळे व्हा ना. लोक काईबाई बोलून राह्यले." चाचा म्हणाले, "बायकोचं नाव बजारात घेऊ? उद्या लोक म्हनतीन, साबनवाल्याची बायको सोता पोपट लावते. तिले कोन हासलं तर मले नाई चालनार. मले हासू दे." आणि आमच्याकडून शब्द घेतला की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही.

इथपर्यंत मला चाचांची दया येत होती. पुढं मात्र त्यांचं वागणं पाहून त्यांचं डोकं फिरलं, अशीच माझी खात्री झाली. एक दिवस पहाटे लिंबाच्या झाडाखाली खड्डा करून ते काहीतरी निळंजांभळं पुरत होते. मला पाहिलं आणि माती लोटली. मग कळलं की ते अत्तरवाल्याशी गुलाबाच्या अत्तराचा भाव करत होते. वासाला शिव्या देणारा माणूस, आणि अत्तर! मग दुपारचे ते शिसवीचा एक तुकडा घेऊन जीभ बाहेर काढून काहीतरी कोरत बसायला लागले. कुणी आलं की मांडीखाली सारायचे. आणि कळस म्हणजे, पद्मतीर्थाच्या घाटावर बायकांनी टाकलेले पोपटाचे हिरवे कागद ते वेचताना दिसले. वेचायचे, सदऱ्याला पुसायचे, हातानं सरळ करायचे आणि टोपीखाली घालायचे.

आता बाजाराला काय, आयतंच कोलीत मिळालं. "चाचा, पोपट काय म्हन्ते? चाचा, न्हावी बलावू का?" मेडशीची गिऱ्हाइकं आली आणि शेटच्या दुकानी गेली. ज्याचा शब्द खोटा त्याचा साबण कोण घेणार? सवा महिना उलटून गेला तरी वड्या खोलीतच, बाळंतिणी काही माहेराहून निघेनात. चाचांनी एकाही टोमण्याला उत्तर दिलं नाही. पण त्यांनी कोपर विचारणं सोडलं. भिंतीपलीकडून नुसताच दांड्याचा आवाज यायचा. मला त्या शांततेचं फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी भाजी चिरताना चाचांना मनातल्या मनात पुष्कळ बोलून घ्यायची.

इकडे चाचीचं काय? पोपटाच्या पहिल्या वडीनं तिचे हात उकलले. मानेला खाज सुटली, बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं. मी म्हटलं, "चाची, सोडा तो साबण." चाचीही जिद्दीची. म्हणाली, "कंपनीचा साबन हाय, आंगाले बसाले येळ लागते." चाचा दूरून तिच्या हातांकडे बघायचे आणि कढईकडे जायचे. पण दोनेक महिन्यांनी खरंच तिचे हात भरून यायला लागले. मान साफ झाली. कोपरावरचे जुने खाराचे चट्टेसुद्धा मऊ दिसायला लागले. चाची मला हात दाखवून म्हणाली, "पाह्य, बसला साबन." मी मनात म्हटलं, चला, पोपट जिंकला.

मग एक दिवस मी माझी पिठाची चाळणी आणायला पलीकडे गेले. हात पिठानं भरलेले होते म्हणून न्हाणीत धुवायला बसले. दगडी कोनाड्यात पोपटाची वडी होती. गुलाबाचा वास, गुलाबी रंग, सगळं ठीक. पण हात धुतले आणि मी थबकले. आमच्या घरच्या पोपटानं हात धुतला की कातडं ओढल्यासारखं व्हायचं. इथं हात कसा मऊ, तेल लावल्यासारखा. वडी नाकाशी नेली. गुलाबाच्या मागून हळूच, ओळखीच्या माणसानं खोकावं तसा, मोहाच्या तेलाचा वास आला. वडी उजेडात धरली. आमच्या घरचा पोपट उजवीकडे पाहायचा. हा डावीकडे पाहत होता.

माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. शिसवीच्या तुकड्यावर चाचांनी पोपट जसाच्या तसा कोरला होता. ठसा उमटल्यावर तो उलटा होणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. जन्मात कधी ठसा वापरलेला नाही ना, त्यांचा साबण कोराच असायचा. स्वतःच्या हातांनी वासाचा साबण करून, घाटावरून वेचलेल्या कागदात गुंडाळून, हा माणूस तो कंपनीचा म्हणून बायकोला देत होता. दाढीवरून गाव हसत होतं, आणि तो गप्प होता.

मी वडी घेऊन तशीच चाचीकडे गेले. "चाची, हा पोपट..." एवढंच बोलले असेन. चाचीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. कढईजवळ चाचा होते. तिनं वडी माझ्या हातातून घेतली, पदराखाली झाकली आणि हळूच विचारलं, "बजारात लय बोलून राह्यले का त्याइले?"

मी सांगितलं. कागद वेचण्याचं, न्हाव्याचं, मेडशीच्या गिऱ्हाइकांचं, सगळं. घरात बसून तिला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले, पण तिनं पुसले नाहीत. म्हणाली, "उद्या सकाळी गल्लीतल्या बायाइले घेऊन ये. कात्री बी आन."

दुसऱ्या दिवशी मी पाच-सहा जणींना घेऊन गेले. मोहरम जवळ आला होता. आमच्या गल्लीचा ताबूत दरवर्षी उठायचा, आणि त्याची कागदी पानंफुलं कापायला हिंदू-मुसलमान सगळ्या घरच्या बाया बसायच्या, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. चाची ओसरीवर बसली होती, आणि तिच्या मांडीवर हिरव्या कागदांची चळत. चाचांनी गादीखाली दडवलेली. तिनं एक कागद उचलला, पोपटाचं चित्र बाजूला ठेवून एक पान कापलं आणि मोठ्यानं म्हणाली, "यंदा ताबुताले हिरवी पानं लावू. महिना झाला हे कागद जमा करून राह्यले. घाटावरून येचून आनले माय, टोपीखाली घालून."

तेवढ्यात चाचा बाहेरून आले. तिच्या मांडीवरची चळत पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. चाचीनं मान वर केली नाही. कात्री चालवत म्हणाली, "ताबुतासाठीच जमा केले ना तुमी? सांगा ना मंग याइले. लोक काईबाई बोलून राह्यले."

चाचांच्या डोळ्यांत आधी भीती होती, मग विचार आला, मग हळूहळू अशी सुटका आली, की मला हसू दाबायला पदर तोंडात घालावा लागला. बिचाऱ्याला वाटलं, भोळ्या बायकोनं चुकीचा अंदाज केला आणि आपण वाचलो.

"हो," ते म्हणाले. "ताबुतासाठीच." मग गळा खाकरून, जुन्या आवाजात म्हणाले, "मंग? तुमाले काय वाटलं? शेटच्या दुकानातून वडी बी आनली थे कागदाचा रंग पाहाले. यासीन कोनाच्या बापाले भेत नाई."

आमच्या बाया त्या. दुपारपर्यंत ही गोष्ट पद्मतीर्थाच्या घाटावर गेली आणि संध्याकाळी बाजारात. मोहरमला हिरव्या पानांचा ताबूत वाशीमच्या रस्त्यानं निघाला तेव्हा लोकांनी तो चमकताना डोळ्यांनी पाहिला. टिंगल करणारेच नारळ घेऊन पुढं आले. मेडशीची गिऱ्हाइकं परत आली. आणि गंमत अशी, की पुढच्या सालच्या ताबुतासाठी म्हणून गावातल्या घराघरांतून पोपटाचे कागद चाचांकडे यायला लागले. त्यांना घाटावर वाकायची गरजच उरली नाही. ताबुताला किती लागायचे आणि टोपीखाली किती जायचे, ते मला ठाऊक.

चाचांनी एकदा आमच्या ह्यांना बाजूला घेऊन छाती फुगवून सांगितलं, "एका बाईच्या कातड्याले माह्या हातानं आराम पडून राह्यला, आन् तिले खबर बी नाई. असं काम वाशीमात कोन करीन?" कोणती बाई, ते सांगितलं नाही. आमच्या ह्यांनी विचारलंही नाही. मी आधीच दम देऊन ठेवला होता.

एका दुपारी मी चाळणी परत आणायला गेले ती चाचीजवळच बसले. न राहवून विचारलं, "चाची, तुम्हाला कळलं केव्हा?"

"पयल्याच दिवशी."

"वासावरून? तेलाच्या?"

"नाई वं. वास मंग आला." चाची वाती वळत होती, तिनं हात थांबवले. "पयला घाना रंग चुकून निळा निघाला, थो लिंबाखाली पुरला. मंजिष्ठ घालून दुसरा गुलाबी केला, थो बी मी दाराआडून पाह्यला. पन थे काई नाई. कंपनीची वडी मी न्हानीतल्या कोनाड्यात ठेवो ना, तवा थो पोपट दाराकडे पाहे, बाहेर. आन् एक दिवस वडी ठेवली तर पोपट माह्याकडे पाहून राह्यला."

चाची पुन्हा वाती वळायला लागली.

"मंग सांगून काहून नाई टाकत त्यांना?" मी म्हटलं. "आता तर तुम्हाला त्यांचाच साबण चालतो."

"मी पोपट मांगतला होता," ती म्हणाली. "त्याइनं पोपट देला. आता मी कशी म्हनू, का हा पोपट नोहे?"

इतक्यात चाचा आले. टोपी काढली, आतून हिरव्या कागदातली वडी काढली आणि चाचीपुढं ठेवली. "घे. शेटकडे नवा माल आला."

चाचीनं कागद उघडला, वडी नाकाशी धरली, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "कंपनीचा माल तो कंपनीचाच. याच्यावानी साबन दुनियेत नाई."

भर बाजारात पोपटाला म्हैस म्हणणारा माणूस माझ्यासमोर उभा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. चाचा जमिनीकडे पाहत होते. "हो," ते म्हणाले. "चांगला असते."

मग इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून त्या घरात न ऐकलेलं ते बोलले. "हलिमा, कोपर कसं हाय तुहं?"

चाचीनं बाही वर सारली आणि हात पुढं केला. "तुमीच पाहा ना."

मी माझी चाळणी उचलली आणि घरी आले.